न आलेल्या पेशंटची वही: फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात डिप्रेशनचे उपचार कसे चालवावेत

माझ्या टेबलाच्या खणात एक दोनशे पानी आखीव वही असते. दर सोमवारी सकाळची ओपीडी सुरू व्हायच्या आधी मी ती उघडते आणि सगळ्यात आधी एकच रकाना वाचते: ‘यायचं होतं, आले नाहीत’.

ही वही सुरू झाली ती एका काकूंमुळे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दोन वर्षं त्या माझ्याकडे येत होत्या. कधी गुडघे, कधी पाठ, आणि दर वेळी ‘अंगात काही राहिलंच नाही हो’. मी कॅल्शियम देत होते, बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन देत होते. एके दिवशी गर्दी कमी होती म्हणून सहज विचारलं, “काकू, मन कशात लागतं का?” त्यांनी पदर डोळ्यांना लावला तो दहा मिनिटं काढला नाही. मी डिप्रेशनची गोळी लिहून दिली आणि ‘महिन्याने या’ म्हणाले. त्या आल्या नाहीत. चौथ्या दिवशी मळमळायला लागलं म्हणून त्यांनी गोळी बंद केली होती, हे मला पाच महिन्यांनी त्यांच्या सुनेकडून कळलं. निदान बरोबर होतं, गोळीही बरोबर होती. त्या आल्या नाहीत हे मात्र माझ्या दवाखान्यात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

हा लेख माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरांसाठी आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या सिस्टर, समुपदेशकांसाठी आहे. घरात डिप्रेशनचा पेशंट असलेल्यांनीही वाचावा, म्हणजे आपल्या डॉक्टरकडून काय मागायचं ते कळेल.

ही पद्धत आली कुठून

अमेरिकेत सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात वेन कॅटन या मानसोपचारतज्ज्ञांनी १९९०च्या दशकात सांघिक उपचारांची पद्धत बसवली. फॅमिली डॉक्टर उपचार करतो, एक समन्वयक पेशंटच्या सतत संपर्कात राहतो आणि मानसोपचारतज्ज्ञ मागून सल्ला देतो. त्यांचे सहकारी युर्गेन उन्युट्झर यांनी साठीपुढच्या १,८०१ पेशंटांवर मोठी चाचणी केली. तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभराने संघाकडे असलेल्यांपैकी ४५ टक्के लोकांची लक्षणं निम्म्याहून कमी झाली होती. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण १९ टक्के होतं. औषधं दोन्हीकडे मिळू शकत होती, हे लक्षात घ्या.

आपल्याला जवळचा पुरावा गोव्याचा आहे. विक्रम पटेल आणि ‘संगथ’ संस्थेने तिथल्या १२ प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि १२ खासगी दवाखान्यांत याच सांघिक पद्धतीची ‘मानस’ चाचणी घेतली. ती २०१०ला प्रसिद्ध झाली. समुपदेशनाचं काम मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी केलं. डिप्रेशन आणि चिंतेचे विकार असलेल्यांपैकी सहा महिन्यांत किती बरे झाले, हे पाहिलं गेलं. सरकारी केंद्रांत संघाकडचे ६५.९ टक्के बरे झाले, इतर ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फरकच दिसला नाही: ६४.१ आणि ६५.९.

हा शेवटचा आकडा बरेच जण गाळतात. मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. तुलनेच्या गटातल्या डॉक्टरांनाही चाळणी प्रश्नांचा निकाल हातात दिला जात होता. म्हणजे वर्षानुवर्षं ओळखणारा खासगी डॉक्टर, आणि त्याला ‘या पेशंटला डिप्रेशन असावं’ एवढी सूचना, यावरही बरंच काम होत होतं असा मी त्याचा अर्थ लावते. प्रश्न इतकाच, की रोजच्या ओपीडीत ही सूचना आपल्याला देणार कोण? आणि पेशंट पुन्हा आला नाही तर सांगणार कोण?

पायरी १: माणसं ठरवा

मोठं मनुष्यबळ लागत नाही. तुम्ही, एक समन्वयक आणि फोनवर सापडणारा एक मानसोपचारतज्ज्ञ.

समन्वयक म्हणजे दवाखान्यातली सिस्टर, रिसेप्शनला बसणारी ताई किंवा आठवड्यातून दोन दिवस येणारा समाजकार्याचा पदवीधर. पदवीपेक्षा दोन गुण बघा: ऐकताना घाई न करणं आणि ऐकलेलं पोटात ठेवणं. छोट्या गावात दुसरा गुण जास्त महत्त्वाचा, कारण सिस्टर त्याच आळीत राहते. माझ्या सिस्टरशी मी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलले, की या वहीतलं नाव घरी नवऱ्यालाही कळता कामा नये. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने पेशंटला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. वहीत नावाऐवजी केसपेपरचा क्रमांक लिहा. फोन करण्याआधी कोणत्या नंबरवर, कोणत्या वेळी आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगायचं, हे पेशंटलाच विचारून ठेवा.

मानसोपचारतज्ज्ञाशी आठवड्याचा अर्धा तास ठरवून घ्या आणि त्याची फीही ठरवा. ‘लागलं तर फोन करतो’ हे प्रत्यक्षात कधीच होत नाही. खासगी तज्ज्ञ जवळपास नसेल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विभाग गाठा. २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार एका डॉक्टरने दुसऱ्याचा फोनवर सल्ला घेण्यात काही अडचण नाही.

पायरी २: विचारा

आपल्याकडे ‘मला डिप्रेशन आलंय’ असं म्हणत क्वचितच कुणी येतं. येतात ते डोकं जड, अंगभर मुंग्या, छातीत धडधड, झोप नाही, अन्न गोड लागत नाही, अंगावरून पांढरं जातं, ‘ताकदीचं इंजेक्शन द्या’ असं म्हणत. तपासण्या नॉर्मल आणि फाइल जाडजूड. अशी फाइल हीच पहिली खूण.

सगळ्यांना विचारणं जमत नसेल तर निदान यांना विचारा: मधुमेह आणि हृदयविकाराचे जुने पेशंट, बाळंतपणानंतर सहा-आठ महिन्यांपर्यंतच्या आया, घरात नुकताच मृत्यू झालेले, कर्जात किंवा कोर्टकचेरीत अडकलेले, रोज दारू पिणारे, आणि झोपेची गोळी सुटत नाही असे सगळे.

सुरुवात दोन प्रश्नांनी करा. गेल्या दोन आठवड्यांत एरवी आवडणाऱ्या गोष्टींतही मन लागेनासं झालंय का? उदास, निराश, सगळं संपल्यासारखं वाटतं का? एकाचंही उत्तर ‘बऱ्याच दिवशी’ असं आलं, तर डिप्रेशनची तीव्रता मोजणारी पूर्ण ‘पीएचक्यू-९’ प्रश्नावली भरून घ्या. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. पाच ते नऊ सौम्य, दहा ते चौदा मध्यम, पंधरा ते एकोणीस बऱ्यापैकी तीव्र, वीस आणि पुढे तीव्र. मराठी प्रत मिळते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना सिस्टरने आडोशाला बसून वाचून दाखवावी, तीही सासू किंवा नवरा बाहेर असताना.

शब्द जपून वापरा. ‘मानसिक आजार’ म्हटलं की माणूस खुर्ची मागे सरकवतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प झाला, त्याच्या नावातच ‘ताण’ आणि ‘आरोग्य’ हे शब्द होते. दीड वर्षात तिथे डिप्रेशनसाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. त्यामागे गावातल्याच कार्यकर्त्यांचे कष्ट होते, पण ‘ताण’ हा शब्द दार उघडतो हा माझाही अनुभव आहे. आजाराचं नाव नंतर सांगा, पण सांगा जरूर.

गुण म्हणजे निदान नाही. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर आणि शाकाहारी पेशंटचं बी-१२ बघा. स्टिरॉइड चालू आहे का, दारू किती, हे विचारा. आणि एक प्रश्न कधीही विसरू नका: “आयुष्यात कधी असे दिवस आले होते का, की झोप न होताही अंगात प्रचंड उत्साह, अखंड बडबड, पैशांची उधळण आणि घरचे म्हणायचे, याला झालंय काय?” उत्तर हो असेल तर हा बायपोलर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा आजार असू शकतो. नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो. अशांना आधी तज्ज्ञाकडे पाठवा.

पायरी ३: नववा प्रश्न

‘मेलेलं बरं’ असं वाटणं किंवा स्वतःला इजा करून घेण्याचे विचार, हा नववा प्रश्न. एकूण गुण सात असले तरी नवव्याला शून्याच्या वर काही आलं, तर पेशंट त्या दिवशी तुमच्याशी बोलल्याशिवाय दवाखान्यातून जाता कामा नये. हा नियम सिस्टरला लिहून द्या.

विचारल्याने मनात विचार भरतो ही भीती निराधार आहे. उलट बहुतेकांना हायसं वाटतं. माझे प्रश्न याच क्रमाने जातात. “जीव नकोसा होतो का?” “काही करून घ्यावंसं वाटतं का?” “कसं, ते मनात ठरलंय का?” “ती वस्तू घरात आहे का?” “आधी कधी प्रयत्न झालाय?” आणि शेवटी, “आजवर कशामुळे थांबलात?” शेवटच्या प्रश्नाला बहुतेक वेळा एखाद्या मुलाचं नाव येतं. ते नाव केसपेपरवर लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक भेटीत ते उपयोगी पडतं.

शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध कुठे ठेवलंय, हे नाव घेऊन विचारा. नातेवाइकाला दवाखान्यातूनच फोन लावा आणि डबा आजच्या आज घराबाहेर, कुलपात, भावाकडे किंवा शेजाऱ्याकडे हलवायला सांगा. तो तीव्र क्षण बहुतेक वेळा थोड्या काळाचा असतो. तेवढा वेळ विष हाताशी नसलं तर माणूस वाचतो. गोळ्या एका आठवड्याच्याच द्या आणि घरच्या माणसाच्या हातात द्या. ॲमिट्रिप्टिलिनसारखी, जास्त घेतल्यास जिवावर बेतणारी गोळी अशा घरात देऊच नका.

बेत ठरलेला असेल किंवा नुकताच प्रयत्न झाला असेल, तर पेशंटला एकटं सोडू नका. तज्ज्ञाला आधी फोन करा, हातात चिठ्ठी द्या, सोबत माणूस द्या आणि संध्याकाळी पोहोचले का ते विचारा. पोलिसांच्या भीतीने उपचार अडवू नका: आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं, असं २०१७च्या कायद्याचं कलम ११५ सांगतं. ‘टेलि मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मी चिठ्ठीच्या पाठीमागे छापूनच घेतला आहे. तो कधीही लावता येतो आणि मराठीत बोलता येतं.

पायरी ४: उपचार एकत्र ठरवा

सौम्य असेल तर गोळीची घाई नको. समुपदेशन, झोपेची शिस्त आणि दोन आठवड्यांनी पुन्हा गुण. मध्यम असेल तर समुपदेशन किंवा औषध, पेशंटला रुचेल ते. पंधरापासून पुढे दोन्ही. वीस किंवा जास्त असेल तर त्याच आठवड्यात तज्ज्ञाशी बोला.

आधुनिक औषधं लिहिण्याचा कायदेशीर अधिकार ज्यांना आहे, त्यांच्यासाठी पुढचं. एस्सिटालोप्रॅम ५ मिलिग्रॅम आठवडाभर, मग १०. किंवा सर्ट्रालिन २५, मग ५०. जेवणानंतर. म्हाताऱ्या माणसांत एस्सिटालोप्रॅम १०च्या वर नेऊ नका, आणि गळाल्यासारखं किंवा गोंधळल्यासारखं दिसलं तर सोडियम तपासा. ॲस्पिरिन आणि दुखीच्या गोळ्यांबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल ही दुखीची गोळी याच्या जोडीला देऊ नका. पंचविशीच्या आतल्या पेशंटवर पहिले काही आठवडे बारीक लक्ष हवं. सुरुवातीला अस्वस्थता आणि मरणाचे विचार वाढू शकतात.

पेशंटला सांगायची वाक्यं मी ठरवून टाकली आहेत. ही झोपेची गोळी नाही, हिची सवय लागत नाही. पहिल्या आठवड्यात मळमळेल, डोकं दुखेल, पोट बिघडेल. ते बहुतेकदा आपोआप जातं. बरं वाटायला दोन ते चार आठवडे लागतील. म्हणजे त्रास आधी आणि आराम नंतर. बरं वाटलं तरी मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही. हे काकूंना पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर त्यांचे पाच महिने वाचले असते. संसारी पेशंटला लैंगिक इच्छा कमी होऊ शकते हेही सांगा. आपण बोलत नाही आणि ते गोळी सोडतात.

अल्प्राझोलाम या झोपेच्या आणि चिंतेच्या गोळीबाबतीत मी कडक झाले आहे. द्यायचीच झाली तर मोजून थोडे दिवस, आणि थांबवायची तारीख त्याच चिठ्ठीवर. तिने आजची रात्र निभते, आजार तिथेच राहतो आणि सवय लागते.

पायरी ५: हालचाल सुरू करा

हे समन्वयकाचं काम. गोव्यात संगथने लहान लहान कामं सुरू करण्याच्या याच पायावर सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम बसवला. २०१७च्या अहवालात तीन महिन्यांनी तिथले ६४ टक्के पेशंट बरे होते, एरवीच्या उपचारांत ३९ टक्के.

तत्त्व साधं आहे. डिप्रेशनमध्ये माणूस म्हणतो, ‘मन झालं की करेन’. मन होत नाही, म्हणून तो काही करत नाही, म्हणून मन आणखी बसतं. ही साखळी करण्याच्या बाजूने तोडायची. सिस्टर विचारते, “पूर्वी काय केलं की बरं वाटायचं?” उपचार पुन्हा सुरू झाल्यावर काकू म्हणाल्या होत्या, तुळशीला पाणी घालणं, दारात रांगोळी, दुपारी शेजारणीबरोबर पापड लाटणं. लगेच पापडांवर उडी मारायची नाही. पहिल्या आठवड्याला ठरलं ते एवढंच: सकाळी सातला चहाचा कप घेऊन ओट्यावर दहा मिनिटं बसायचं. बसलं की कालनिर्णयच्या त्या चौकटीत पेनाने टिंब द्यायचं. दुसऱ्या आठवड्यात तुळस. रांगोळी पाचव्या आठवड्यात आली, तीही चार ठिपक्यांची.

काम इतकं लहान हवं की वाईटातल्या वाईट दिवशीही जमावं, आणि त्याला वार व वेळ हवी. ‘जरा फिरत जा’ हा सल्ला झाला, काम नव्हे.

पायरी ६: वही आणि फोन

माझ्या मते सगळी पद्धत इथे उभी राहते किंवा पडते. रकाने असे: केसपेपर क्रमांक, सुरुवातीचे गुण, नववा प्रश्न, औषध व डोस, आजचे गुण, पुढची तारीख, आले का, फोन केला का, तज्ज्ञाचा सल्ला. संगणकावर ठेवा किंवा वहीत, पण एका पेशंटची एकच ओळ आणि सगळे पेशंट एका नजरेत दिसले पाहिजेत. केसपेपर कपाटात विखुरलेले असतात. न आलेला माणूस तिथे दिसत नाही.

गोळी सुरू झाली की पहिला फोन तिसऱ्या-चौथ्या दिवशी, कारण गोळी सुटते ती तेव्हाच. मग आठव्या दिवशी फोन, दोन आठवड्यांनी भेट, आणि बरं होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी संपर्क. ‘गोळी चालू आहे ना?’ असं विचारू नका, त्याला सगळे ‘हो’ म्हणतात. आमच्या सिस्टरचा प्रश्न वेगळा आहे: “काकू, मोकळ्या आहात ना? जरा पाकीट हातात घ्या आणि किती गोळ्या उरल्यात ते बघून सांगा.” हिशेब तिथेच कळतो, आणि कुणाला खोटं बोलावं लागत नाही. उरलेल्या जास्त निघाल्या तर रागवायचं नाही. काय त्रास झाला ते विचारून मला सांगायचं.

तारीख चुकली की त्याच दिवशी फोन. तीन वेळा लागला नाही तर ओळीला लाल खूण, आणि आशाताईमार्फत निरोप पाठवायचा की नाही, हे पेशंटने आधी दिलेल्या परवानगीप्रमाणे ठरवायचं. या फोनचे पैसे मी वेगळे घेत नाही; पहिल्या भेटीच्या फीमध्ये ते धरले आहेत.

पायरी ७: आठवड्याचा अर्धा तास

तज्ज्ञाबरोबरच्या फोनवर सगळे पेशंट घेत बसू नका. नवे, लाल खुणेचे आणि न सुधारणारे, एवढेच. न सुधारणारे म्हणजे पूर्ण डोस चार ते सहा आठवडे घेऊनही ज्यांच्या गुणांत ठळक उतार नाही. आठ ते बारा आठवड्यांत गुण निम्म्यावर यावेत आणि शेवटी पाचच्या खाली जावेत, हे लक्ष्य. ‘जरा बरं आहे’ या उत्तरावर थांबलो की पेशंट अर्धवट बऱ्या अवस्थेत वर्षं काढतो.

डोस वाढवण्याआधी मी स्वतःला विचारते: गोळी खरंच घेतली जातेय का? दारू चालू आहे का? घरात मारहाण आहे का? बाई एकटी असताना हा प्रश्न विचारला का? निदान तरी बरोबर आहे का? नवऱ्याच्या मारावर गोळीचा डोस वाढवणं हा उपचार नव्हे; तिथे घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी पाहणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर द्यावा लागतो.

कुणी नसताना आवाज ऐकू येणं, भलते संशय, खाणंपिणं सोडणं, उन्माद, बाळंतिणीचं तीव्र नैराश्य, गर्भारपण, अठराच्या आतली मुलं, दोन औषधं वाया गेलेली: हे पेशंट तज्ज्ञाने प्रत्यक्ष पाहावेत. पाठवल्यावरही वहीतली ओळ चालू ठेवा, कारण शहरातल्या डॉक्टरकडे एकदा जाऊन परत न गेलेलेही खूप असतात.

पायरी ८: बरं वाटल्यावर

गुण पाचच्या खाली आले की फोन महिन्यावर न्या. पहिल्याच वेळचं डिप्रेशन असेल तर पूर्ण बरं वाटल्यानंतर सहा ते नऊ महिने तोच डोस ठेवा. वारंवार येणारं असेल तर जास्त काळ, तज्ज्ञाला विचारून. थांबवताना काही आठवड्यांत हळूहळू उतरवा. एकदम बंद केली की चक्कर, चिडचिड, अंगात झिणझिण्या येतात आणि पेशंटला वाटतं, गोळीचं व्यसनच लागलं. गणपती-दिवाळीच्या धावपळीत किंवा मुलाच्या परीक्षेच्या तोंडावर मी गोळी उतरवायला घेत नाही.

शेवटच्या भेटीत एक कागद करायचा. आजार परत येताना सगळ्यात आधी काय बदलतं, ते पेशंटच्या आणि घरच्यांच्या शब्दांत. आणि तसं झालं तर कुणाला फोन करायचा ते. काकूंच्या कागदावर त्यांच्या सुनेने तीन ओळी लिहिल्या: ‘रांगोळी बंद होते. पहाटे चारला उठून बसतात. चहा अर्धा ठेवतात.’ खाली दवाखान्याचा नंबर. तो कागद त्यांच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या नोंदवहीच्या खिळ्याला अडकवलेला आहे.